तेराव्या दिवशीचं वजन

माझ्या भावाची एकही लढत बाबांनी पाहिली नाही, पण त्याचं वजन होताना ते प्रत्येक वेळी हजर असायचे.

व्यावसायिक मुष्टियुद्धात लढतीच्या आदल्या दिवशी दोन्ही खेळाडूंना काट्यावर उभं करतात. ठरलेल्या आकड्याच्या वर गेलात तर लढत हातची जाते. बाबा कचेरीतून निवृत्त झालेले साधे गृहस्थ, पण या वजनासाठी ते स्लीपरच्या डब्यातून दिल्लीला गेले, बेंगळुरूला गेले, एकदा गुवाहाटीलाही जाऊन आले. हॉटेलातल्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसायचे, मुलगा काट्यावर चढून उतरला की उठायचे आणि सरळ स्टेशन गाठायचे. दुसऱ्या दिवशी तिकडे लढतीची घंटा वाजत असे तेव्हा बाबा इटारसीला नाहीतर नागद्याला चहा पीत असत. "वजन करताना कोणी कोणाला मारत नाही," ते म्हणायचे. "तेवढंच मला बघवतं." घरी आले की चपला काढता काढता सांगायचे, "जिंकला. पाव किलो हातचा राखून जिंकला." लढतीचा खरा निकाल त्यांना मी सांगायची. मटार सोलता सोलता ते ऐकून घ्यायचे आणि कुठे लागलं एवढंच विचारायचे.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याचा वजनगट एकोणपन्नास किलोच्या जरासा आतला, त्याला लाइट फ्लायवेट म्हणतात. फ्लाय म्हणजे माशी, आणि त्यातही हलकी, असं आमच्या गल्लीत कोणीतरी शोधून काढलं होतं, त्यामुळे पुढची काही वर्षं इंदूरच्या बडा गणपतीच्या चौकात त्याचं स्वागत दोन्ही हातांनी टाळी वाजवून होत असे. एरवी त्याचं वजन चोपन्न-पंचावन्न. म्हणजे प्रत्येक लढतीआधी त्याला स्वतःतला पाच-सहा किलोंचा माणूस कुठेतरी सोडून यावा लागे. इंदूरमध्ये मुष्टियोद्धा होणं एक वेळ जमतं, पण हलका मुष्टियोद्धा होणं फार कठीण. सकाळी पोहे-जिलबी, अकराला कचोरी, दुपारी कोणाकडे तरी काहीतरी, आणि "फक्त चव बघ" हे वाक्य इथे जितक्या प्रेमानं म्हणतात तितक्या प्रेमानं दुसरं काही म्हणत नाहीत. लग्नात नातेवाईक त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत.

"काय करतोस हल्ली?"

"बॉक्सिंग, काका."

"आणि सामनेवाला?"

"माझ्याएवढाच असतो."

"हां, मग ठीक आहे. जरा खात जा, म्हणजे मोठा मिळेल."

त्याचे गुरू महूचे. फौजेतून निवृत्त, तीन पिढ्या फौजेत. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात म्हणून आम्हीही त्यांना उस्तादच म्हणायचो. मराठी बोलता बोलता ते कधी हिंदीत जातील आणि कधी परततील याचा नेम नसे. भावाची कारकीर्द काय आहे हे त्यांनी मला एकदा एका वाक्यात सांगितलं होतं. "ताई, आम्ही बारातीतल्या घोड्यासारखे. लग्न दुसऱ्याचं." ते खरंच होतं. आयोजकाला आपल्या गावचा मुलगा जिंकायला हवा असे, त्यासाठी समोर कोणीतरी बरा, पण फार बरा नाही असा लागे. मग इंदूरला फोन यायचा. भाऊ जायचा, आठ फेऱ्या खायचा, परत यायचा. एक-दोनदा तो चुकून जिंकला, तेव्हा त्या गावांनी त्याला पुन्हा बोलावलं नाही. हलक्या वजनात माणूस लवकर म्हातारा होतो. एकतिसाव्या वर्षी त्याच्या नावावर पदक, पट्टा, कप असं काही नव्हतं, एका डोळ्यावरच्या तीन टाक्यांखेरीज.

आणि मग आमच्याच शहरातल्या एका प्लॉटवाल्या गृहस्थाला मुष्टियुद्धाचा कार्यक्रम करायची हौस आली. मोठं हॉटेल, दिवे, गाणी, आणि एक रिकामा पट्टा, म्हणजे ज्याचा त्या वेळी कोणी मालक नव्हता असा. गावचा मुलगा हवाच होता. या वेळी लग्न घोड्याचंच होतं. उस्तादांनी भावाला समोर बसवून सांगितलं, "बेटा, वजन चुकलं तर त्यांनी दुसरा मुलगा तयार ठेवलाय. तो चढेल रिंगमध्ये. यानंतर तुला कोणी बोलावणार नाही. वय झालं."

हॉटेल आमच्या घरापासून ऑटोनं पंधरा मिनिटांवर. बाबांना पहिल्यांदाच रेल्वेचं तिकीट काढायचं नव्हतं. त्यांनी त्या दिवसासाठी बुशशर्ट आधीच इस्त्री करून ठेवला, आणि मग एका सकाळी पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेले.

स्मशानातून परत आल्यावर अंत्यविधी सांगणारे गुरुजी ओट्यावर बसून बोटांच्या पेरांवर दिवस मोजत होते: दहावा, अकरावा, बारावा, तेरावा. फाटकाशी उभे राहून उस्तादही बोटांवर काहीतरी मोजत होते. दोघं एकाच वेळी थांबले. शनिवार. तेरावंही त्याच दिवशी आणि वजनही, दुपारी चार वाजता.

ते बघून भावानं सांगितलं, "मी फोन करून नाही म्हणतो."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोळे उघडले नाहीत. "नाही म्हणायचं नाही," ती म्हणाली. "ते जाणार होते ना वजनाला? मग होऊ दे वजन."

अग्नी देणाऱ्यानं पाळायचे नियम गुरुजींनी सांगितले. घराबाहेर पडायचं नाही. घोंगडीवर झोपायचं. एकदाच जेवायचं, फोडणी नाही, तळण नाही, गोड नाही, मीठही बेतानं. उस्ताद ऐकत होते. त्यांच्या घरी हे काही नसतं, त्यांच्या आजोबांच्या पिढीनंच ते सोडलं. कोणी गेलं की माणसं जमतात, बुद्धवंदना होते, साधं जेवण होतं आणि संपलं. त्यामुळे प्रत्येक नियम ते नव्यानं ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "ताई, माफ करा, दुःखाची वेळ आहे. पण चार वर्षं मी ह्याला हेच सांगतोय."

तर अशी सुरुवात झाली. आणि मग लोक भेटायला येऊ लागले.

आमच्याकडे भेटायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारीपाजारी पिठलं-भात आणतात, ही रीत सगळीकडेच आहे. पण हे इंदूर. पिठलं-भाताबरोबर "मुलांसाठी थोडंसं" म्हणून कचोऱ्या येत, शेव येई, एका बाईंनी तर भुट्ट्याचा कीस आणला आणि दारातच हुंदका देऊन म्हणाल्या, "त्यांना फार आवडायचा हो." बाबांना मका आवडत नसे. मी तो डबा घेतला. तोंड पुसून त्या आत आल्या आणि घोंगडीवर बसलेल्या भावासमोर वाटी धरली. त्यानं हात जोडून मान हलवली.

"दोन घास तरी."

"नको, काकू."

"पाणी तरी घे."

"पाणीही नको."

काकू माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत मघापेक्षा खरं पाणी होतं. "पाणीसुद्धा घेत नाही गं पोरगा."

तिथून हे पसरत गेलं. भाऊ पहाटे गच्चीवर धावत असे, कारण बाहेर पडायचं नव्हतं. अनवाणी, अंगात घामासाठी घालतात तो प्लास्टिकचा सूट आणि वरून पांढरं उपरणं. समोरच्या माडीवरच्या आजोबांनी ते पाहिलं आणि खाली सांगितलं की मुलगा सूर्योदयापूर्वी वडिलांसाठी प्रदक्षिणा घालतो. संध्याकाळी तो बाथरूममध्ये गीझर पूर्ण चालू करून दार लावून वाफेत बसे. आतून पाण्याचा आवाज, आणि तो बाहेर येई तेव्हा डोळे लाल. बाहेर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघत. "आत जाऊन रडतो बिचारा. आईला दिसू नये म्हणून." थुंकायला त्याच्याजवळ एक पेला असे; अंगातलं शेवटचं पाणी असंच काढतात. तोही लोकांनी पाहिला. आवंढासुद्धा गिळवत नाही, असा त्याचा अर्थ लागला.

एक गृहस्थ आपल्या कॉलेजातल्या मुलाला मुद्दाम घेऊन आले. भावाकडे बोट दाखवून म्हणाले, "देख. ऐसे होते हैं बेटे." त्या मुलानं पाहिलं. भाऊही त्याच्याकडे पाहत होता. मला वाटतं, तो त्या मुलाचं वजन अंदाजत होता.

माझी गोष्ट उलटी. दुःखात काही माणसं जेवू शकत नाहीत, काही जेवत राहतात. मी दुसऱ्या जातीची. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, मला बोलायची सवय कमी. मी स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसायची आणि लोकांनी आणलेलं सगळं खायची, कारण कोणीतरी ते संपवायला हवं होतं, आणि खाताना काही विचार करावा लागत नाही. दरवाजातून दिसणारं चित्र असं: घोंगडीवर झुरणारा मुलगा, आत कचोरी खाणारी मुलगी. माझ्याविषयी काय बोलत असतील ते मला ऐकावं लागलं नाही, एवढा मोठेपणा लोकांनी दाखवला.

एका संध्याकाळी सगळे गेल्यावर भाऊ मला म्हणाला, "ताई, यांना सांगायला पाहिजे. हे मला संत करून सोडतील."

"काय सांगशील?"

"की मी वजन उतरवतोय."

"ते कळेल त्यांना?"

तो विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू का? मला रडू येतच नाहीये. बाथरूममध्ये मी वाफ घेतो फक्त. प्रयत्न केला. डोळे नुसते चरचरतात."

मी त्याला म्हटलं, येईल. दुसरं काय म्हणणार. उस्ताद कोपऱ्यात बसून काट्यातली बॅटरी बदलत होते. ते म्हणाले, "अंगात पाणी नाही बेटा. आधी वजन. मग बघू."

दहाव्या दिवशी मुंडण झालं. भावाचे केस दाट, त्यामुळे उस्तादांनी त्याला मुंडणाआधी आणि मुंडणानंतर काट्यावर चढवलं. गुरुजींनी हे बघून न बघितल्यासारखं केलं. काटा जिथल्या तिथे होता. उस्तादांनी खाली पडलेल्या केसांकडे बघितलं, जणू त्यांनी दगा दिला.

शनिवार उजाडला. मे महिन्याचं ऊन. तेराव्याचे विधी अडीचला आटोपले, अंगणात पंगत बसली, जवळजवळ चाळीस माणसं. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, देवासचे, शिस्तीचे. त्यांनी राजवाड्याजवळच्या दुकानातून केशराचं श्रीखंड आणलं होतं. आमच्या घरची रीत अशी, की अग्नी देणाऱ्याच्या खांद्यावर मामानं नवं उपरणं घालायचं आणि स्वतःच्या हातानं त्याला गोड घास भरवायचा. तो घास गिळला की दुखवटा संपला. तोपर्यंत पंगतीत कोणी पानाला हात लावायचा नाही.

त्या वेळी भाऊ गच्चीवर प्लास्टिकच्या सुटात होता, आणि तीनशे ग्रॅम वर होता.

त्याला खाली आणलं. तो पाटावर बसला. गाल आत गेलेले, ओठ पांढरे, डोकं गुळगुळीत. मामांनी उपरणं घातलं, पुरीचा तुकडा तोडला, त्यावर भरपूर श्रीखंड घेतलं आणि हात पुढे केला. मध्ये उस्तादांचा हात आला.

"मामाजी, एक मिनिट." त्यांनी पिशवीतून स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला आणि पाटापुढे ठेवला. "जरा इथे ठेवा."

मामा गोंधळले आणि त्यांनी घास खरोखर काट्यावर ठेवला. बेचाळीस ग्रॅम.

"नाही जमणार," उस्ताद म्हणाले.

"घास आहे हा. घास काय तोलून देतात?"

"कमी करा."

"मामाचा घास आहे. कमी कसा करायचा? जन्मभर लोक म्हणतील, मामानं चिमूटभर दिलं."

"नुसता तोंडात घेऊन थुंकला तर?"

मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की उस्तादांनी काटा मागे घेतला. मी गुरुजींना विचारलं, नैवेद्य दाखवतात तसा नुसता दाखवला तर चालेल का. गुरुजी स्वतः भुकेले होते, आणि त्यांना आणखी एका घरी जायचं होतं. त्यांनी तरीही प्रामाणिकपणे विचार केला. "देव बघून तृप्त होतात, ताई," ते म्हणाले. "माणूस गिळल्याशिवाय होत नाही."

"मग मी खाते," मी म्हटलं. "मीही त्यांचीच मुलगी आहे."

मामा म्हणाले, "तू काय, तू तेरा दिवस खातेच आहेस."

आणि मग आई हसली. तेरा दिवसांत पहिल्यांदा, तोंडाला पदर लावून, बराच वेळ. कोणाला काय करावं कळेना. पंगतीत श्रीखंड पातळ होत चाललं होतं, एक लहान मुलगी पानाकडे एकटक बघत होती.

आईनं पदर खाली घेतला. "दादा, पंगत तिकडेच नेऊ या," ती मामांना म्हणाली. "त्याचं वजन झालं की तिथेच घास दे."

"हॉटेलात? तेरावं?"

"हे गुवाहाटीपर्यंत गेले होते याच्या वजनाला. तुला पंधरा मिनिटं जायला काय होतंय?"

चाळीस भुकेली माणसं उठली. श्रीखंडाचं पातेलं गुरुजींच्या मांडीवर, कारण त्यांच्या मांडीवर ते सोवळं राहील असं मामांचं मत पडलं. पुऱ्यांचे डबे, पत्रावळी, पाट. राजवाड्यापाशी गर्दीत आमच्या ऑटो अडकल्या तेव्हा गुरुजी पातेल्यावरून फोनवर दुसऱ्या घरी सांगत होते, "थोडा उशीर होईल. इथे यजमानांचं वजन व्हायचंय." पलीकडून काय विचारलं गेलं कोण जाणे, गुरुजी म्हणाले, "नाही नाही, तुलादान नव्हे. नुसतंच वजन."

हॉटेलच्या हॉलमध्ये मोठ्या आवाजात गाणी चालली होती. भिंतीवर भावाचा प्रचंड फोटो, त्यात त्याला केस होते. प्लॉटवाले आयोजक धावत आले, त्याचं डोकं बघून थबकले. इंदुरात भैयाला भिया म्हणतात. "भिया, ये लुक किसने दिया? एकदम खतरनाक."

उस्ताद म्हणाले, "इनके पिताजी शांत हुए हैं."

आयोजकांनी तत्काळ हात जोडले, मान खाली घातली. थोड्या वेळानं मान वर करून, हळू आवाजात म्हणाले, "फिर भी... है खतरनाक."

निवेदकानं माइकवरून आमच्या लोकांना उभं राहून आरोळी द्यायला सांगितलं. पांढऱ्या कपड्यांतले चाळीस लोक. त्यांना असल्या जागी काय करतात हे माहीत नव्हतं, पण कोणीतरी माइकवरून उभं राहायला सांगितलं की काय करायचं हे माहीत होतं. सगळे हात जोडून शांत उभे राहिले. गाणी वाजवणाऱ्यानं गोंधळून गाणं बंद केलं. समोरचा खेळाडू मिझोरमचा होता, लहानसा, गोरा, भावाइतकाच वाळलेला. त्यानं ही पांढरी रांग पाहिली, टोपी काढली आणि तोही हात जोडून उभा राहिला. एक मिनिट पूर्ण झाल्यासारखं वाटल्यावर मामा बसले, मग सगळे बसले.

मिझोरमच्या मुलाचं वजन बरोबर भरलं. मग भाऊ चढला. एकशे चाळीस ग्रॅम वर.

उरलेले कपडे उतरवायची परवानगी असते, समोर पडदा धरून. टॉवेल सापडेना. मामांनी मुकाट्यानं भावाच्या खांद्यावरचं नवं उपरणं काढलं, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं गुरुजींच्या हातात दिलं. गुरुजींनी पातेलं आईकडे सोपवलं. दोघांनी तोंडं फिरवून ते उपरणं धरून ठेवलं आणि त्यामागे माझा भाऊ जन्मला तसा काट्यावर उभा राहिला. आता सत्तर ग्रॅम वर. काट्यावरच्या माणसानं घड्याळ बघितलं. "एक घंटा है आपके पास."

दुसरा मुलगा, तो तयार ठेवलेला, भिंतीशी उभा होता. त्यानं जॅकेटची चेन खाली ओढली आणि पुन्हा वर केली.

उस्तादांनी भावाला हॉटेलच्या स्वयंपाकघरामागच्या बोळात नेलं, तंदूरच्या भिंतीला लागून. प्लास्टिकचा सूट चढवला. भाऊ दोरीच्या उड्या मारू लागला, पण पाय उचलत नव्हते, घामही येत नव्हता. अंग नुसतं तापलेलं. एका आचाऱ्यानं दार उघडून विचारलं, "भिया, कुछ खाओगे?" आणि उस्तादांचा चेहरा बघून बंद केलं.

"घाम संपला," उस्ताद म्हणाले. "आता थुंकी. सत्तर ग्रॅम थुंकी. बेटा, काहीतरी आंबट आठव."

भावानं डोळे मिटले. "काही आठवत नाही उस्ताद."

आम्ही पाच-सात जण बोळात होतो. मक्याच्या किसाच्या काकू पुढे आल्या. "कैरी," त्या म्हणाल्या. "कोवळी. तिखट-मीठ लावून." भावानं पेल्यात थुंकलं. उस्ताद त्यांच्याकडे बघतच राहिले. "बोला, बोला," ते म्हणाले.

"चिंच," कोणीतरी म्हणालं. "चिंचेचा कोळ, गूळ न घालता." "दहीवडा. वरून जिरावण मसाला." "लिंबू चोखायचं नुसतं." बातमी हॉलमध्ये गेली आणि एकेक करून सगळी पंगत बोळात आली. सकाळपासून उपाशी माणसं, त्यांना सुचवायची गरज नव्हती. पुढच्या माणसाला ऐकू जावं म्हणून मागचे मोठ्यानं सांगत. भाऊ उकिडवा बसलेला, पेला तोंडाशी, उस्ताद त्याच्या पाठीवर थाप मारत.

मग घसा साफ करून मामा पुढे आले आणि भावाच्या शेजारी खाली बसले. "गराडू," ते म्हणाले. ते थंडीत मिळणारं कंदमूळ. मे महिन्यात त्याचं नाव कोणी काढत नाही. मामा सावकाश बोलले, पोथी वाचावी तसे. "आधी एकदा तळून काढायचे. बाजूला ठेवायचे. गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत. वरचं साल कुरकुरीत होतं, आत मऊ. मग गराडूवाला ते पानात घेतो. वरून मसाला, दोन्ही बाजूंनी. आणि मग लिंबू. अर्धं लिंबू. पिळतो, तेव्हा ते गरम असतात ना, चर्रर होतं." मामांनी हवेत लिंबू पिळलं. त्यांच्या स्वतःच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, ते मला दिसलं. "अजून पिळतो. बी पडते. बी काढतो."

भाऊ थुंकत राहिला.

वेळ संपता संपता तो परत काट्यावर चढला. मामा आणि गुरुजींनी पुन्हा उपरणं धरलं. आकडा दोनदा वर-खाली झाला आणि थांबला. काट्यावरच्या माणसानं वाकून बघितलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं. वीस ग्रॅम आत.

लोक मला लढतीविषयी विचारतात, म्हणून इथेच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी दहा फेऱ्या झाल्या आणि पंचांनी बरोबरी दिली. बरोबरीत रिकामा पट्टा कोणालाच मिळत नाही. तो आयोजकांच्या प्लॉटच्या ऑफिसात काचेच्या कपाटात आहे, अजूनही रिकामा. त्यानंतर भाऊ लढला नाही. आता तो महूला उस्तादांबरोबर मुलांना शिकवतो आणि त्याचं वजन अठ्ठावन्न आहे. मी ती लढत पाहिली, पण तिच्यातलं मला फारसं आठवत नाही.

वजनानंतरचं आठवतं. हॉलच्या कडेला पाट मांडला. भाऊ कपडे घालून बसला. मामांनी तोच बेचाळीस ग्रॅमचा घास केला, बहुधा जास्तच, आणि भरवला. तो चावायलाच त्याला बराच वेळ लागला. सगळे त्याच्या गळ्याकडे बघत होते. गिळला. "झालं," गुरुजी म्हणाले, आणि हॉटेलच्या त्या गालिच्यावर चाळीस पत्रावळी मांडल्या गेल्या. हॉटेलच्या माणसानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकूंनी त्याच्या हातात पुरी ठेवली. मिझोरमचा मुलगा आपल्या प्रशिक्षकाबरोबर कोपऱ्यात केळं खात आमच्याकडे बघत होता. मामा म्हणाले, "अरे, त्यालाही वाढा. काय दृष्ट लावायला ठेवलंय का त्याला?" त्यानं श्रीखंडाच्या तीन वाट्या खाल्ल्या आणि प्रत्येक वाटीनंतर हात जोडले.

उस्ताद भावाला मीठ-साखरेचं पाणी देत होते. एकदम नाही, घोटाघोटानं. एक बाटली. थांबून दुसरी. त्याच्या ओठांना रंग आला. तिसरी बाटली अर्धी झाली असेल, तेव्हा तो पिता पिता थांबला. बाटली त्यानं मांडीवर ठेवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आवाज नव्हता, चेहराही वेडावाकडा झाला नव्हता. नुसतं पाणी, हनुवटीपर्यंत, तिथून शर्टावर, थांबेचना.

पंगत जोरात होती. काकू आग्रह करत फिरत होत्या. तेरा दिवस ज्यांनी त्याच्या लाल डोळ्यांसाठी उसासे टाकले त्यांच्यापैकी कोणी वर पाहिलं नाही. मामांनी पाहिलं. ते हातात पुरी घेऊन वाकले आणि त्याच्या कानात म्हणाले, "अरे, उद्याची भीती वाटते का? घाबरू नकोस. तोही तुझ्याएवढाच आहे." आयोजक पलीकडून म्हणाले, "नर्वस है भिया? होता है, होता है."

भावानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

उस्तादांनी बाटली उचलून उजेडात धरली, किती उरलंय ते बघितलं आणि माझ्याकडे वळले. "पाणी पोचलं, ताई," ते हळूच म्हणाले.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि पुढची बाटली उघडली.